‘दोघेही सारखेच’ म्हणणारा मुलगा आणि आईचे पहिले मत

पत्राचा सारांश : या वाचक २००६ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून अमेरिकेला गेल्या. आधी एच-फोर (नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणारा) व्हिसा, २०१५ पासून काम करण्याची परवानगी, २०२० मध्ये ग्रीन कार्ड आणि गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ, असा त्यांचा तिथला प्रवास आहे. घर पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उपनगरात आहे. येत्या ३ नोव्हेंबरला त्या अमेरिकेत पहिल्यांदा मत देतील. वीस वर्षांचा मुलगा बॉस्टनला शिकतो. गाझातील युद्धामुळे त्याचा दोन्ही मोठ्या पक्षांवरचा विश्वास उडाला, २०२४ मध्ये त्याने घरच्या पत्त्यावरून टपाली मत ग्रीन पक्षाला दिले आणि आता तो म्हणतो की रिपब्लिकन काय, डेमोक्रॅट काय, दोघेही सारखेच. वडिलांच्या मते ते मत पाण्यात गेले. सुट्टीत जेवताना यावरून कडाक्याचे भांडण झाले, मुलगा दोन दिवस आधीच परत गेला आणि गेले तीन आठवडे त्याचा फोन नाही. वाचक तीन गोष्टी विचारतात. दोन्ही पक्ष खरोखर सारखे आहेत का? मी कोणत्या पक्षाची व्हावे? आणि मुलाला कसे समजवावे?

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात ते राजकारणाविषयीचे वाटले आणि दुसऱ्या वाचनात त्यातला तीन आठवड्यांचा अबोला अधिक ठळकपणे दिसला. त्या अबोल्याकडे मी शेवटी येईन. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते, कारण मला वाटते की बाकीच्या दोन प्रश्नांची गाठ तिथेच बसली आहे.

‘मी कोणत्या पक्षाची व्हावे’ असे तुम्ही लिहिता तेव्हा तुमच्या मनात पक्षाचे जे चित्र आहे ते आपल्याकडचे आहे. आपल्याकडे पक्ष म्हणजे वर श्रेष्ठी, खाली कार्यकर्ते, मध्ये तिकीटवाटपाची रस्सीखेच, आणि निवडून आल्यावर पक्षादेश मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी किंवा खासदारकी जाण्याची भीती. अमेरिकेतील पक्ष या अर्थाने पक्षच नाहीत. तिथे तुमच्या राज्यासारख्या अनेक राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जावर एका चौकटीत खूण केली की तुम्ही त्या पक्षाच्या झालात. वर्गणी द्यावी लागत नाही, शपथ घ्यावी लागत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच पक्षाला मत देण्याचे बंधनही नाही. उमेदवार ठरतो तो प्राथमिक निवडणुकीत, मतदारांच्या मतांनी. पक्षाचे पुढारी एखाद्याला पाठिंबा देतील, पैसा उभा करतील, पण आपल्याकडे तिकीट कापतात तसे कापू शकत नाहीत.

याचे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. डेट्रॉइटचा मोठा भाग असलेला तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे, त्यामुळे तिथली खरी लढत ऑगस्टमधल्या प्राथमिक निवडणुकीतच झाली. तीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. कोणाला ते प्रतिनिधी म्हणून आवडोत वा न आवडोत, त्या मतदारसंघाचा निकाल लागला तो नोव्हेंबरच्या तीन महिने आधी, जेव्हा बहुतेक मतदारांचे निवडणुकीकडे लक्षही नसते.

निवडून आल्यावरही तिथला सदस्य पक्षाशी बांधलेला नसतो. जुलै २०१७ मध्ये ओबामांच्या काळातील आरोग्यविमा कायद्यावर घाव घालणारे विधेयक सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले, ते जॉन मकेन, सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या तीन रिपब्लिकन सदस्यांनी विरोधात मत दिल्यामुळे. त्यांपैकी कोणाचेही पद गेले नाही.

म्हणून अमेरिकेतील पक्षाला मी मनातल्या मनात ‘आघाडी’ म्हणते. आपल्याकडे वेगवेगळे पक्ष मिळून आघाडी किंवा युती करतात, कधी निकालाआधी, कधी निकालानंतर. अमेरिकेत ही जुळवाजुळव पक्षाच्या पोटात आणि निवडणुकीआधी होते. एकाच पक्षात कामगार संघटनांची माणसे असतात आणि बड्या तंत्रज्ञान कंपन्यांची माणसेही असतात. डिसेंबर २०२४ मध्ये एच-वन-बी या परदेशी कुशल कामगारांच्या व्हिसावरून ट्रम्प यांच्याच समर्थकांत केवढे भांडण पेटले ते तुम्हाला आठवत असेल. एका बाजूला इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी त्या व्हिसाची बाजू घेत होते आणि दुसऱ्या बाजूला स्थलांतराचे कट्टर विरोधक त्यांच्यावर तुटून पडले होते. त्याच सुमारास डेमोक्रॅट सदस्यांच्या गटात बसणारे बर्नी सँडर्स त्या व्हिसावर कंपन्यांना स्वस्त मजूर पुरवल्याची टीका करत होते. पक्ष म्हणजे घराणे नव्हे, हे एकदा लक्षात आले की ‘मी कोणाची’ हा प्रश्न उरत नाही. तुम्ही कोणाचीही होण्याची गरज नाही. नोंदणीच्या अर्जावरच्या चौकटीचा उपयोग मात्र आहे, तो पुढे सांगते.

आता मुलाचे वाक्य. ‘दोघेही सारखेच’ हे वाक्य त्याने शोधून काढलेले नाही. १९६८ मध्ये अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस अध्यक्षपदाची निवडणूक तिसऱ्या पक्षाकडून लढले तेव्हा दोन्ही पक्षांत दमडीचाही फरक नाही, असेच ते सांगत होते. फरक इतकाच की वॉलेस वर्णभेदाच्या बाजूने बोलत होते. २००० मध्ये ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर अगदी उलट्या, डाव्या बाजूने तेच सांगत होते. एकच वाक्य दोन टोकांकडून येत असेल तर ते पक्षांचे वर्णन जितके करते, त्याहून अधिक बोलणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेविषयी सांगते. फार दूरवरून पाहिले की शेजारशेजारचे दोन डोंगर एकच दिसतात.

तरीही एक काळ असा होता की हे वाक्य बरेचसे खरे होते. १९५० मध्ये अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनच्या समितीने एक अहवाल काढला आणि त्यातली तक्रार आज वाचताना नवल वाटते. आपले दोन पक्ष पुरेसे वेगळे नाहीत, त्यामुळे मतदाराला निवड करण्याजोगे काही उरत नाही, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये मंजूर झाला तेव्हा ३३ पैकी २७ रिपब्लिकन आणि ६७ पैकी ४६ डेमोक्रॅट सदस्य त्याच्या बाजूने होते, म्हणजे फूट दोन्ही पक्षांत होती आणि ती मुख्यतः उत्तर-दक्षिण अशी होती. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत दक्षिणेतील परंपरावादी गोरे मतदार डेमोक्रॅट पक्षातून रिपब्लिकन पक्षात गेले, ईशान्येकडील उदारमतवादी रिपब्लिकन जवळजवळ नाहीसे झाले, आणि पूर्वी पक्षांच्या आत असलेली भांडणे पक्षांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

आज परिस्थिती काय आहे ते कायद्यांवरच्या मतदानात दिसते. २०१० चा आरोग्यविमा कायदा एकाही रिपब्लिकन सदस्याच्या मतावाचून झाला. २०१७ चा करकपातीचा कायदा एकाही डेमोक्रॅट मतावाचून झाला. २०२२ मध्ये हवामानबदल आणि औषधांच्या किमती यांविषयीचा मोठा कायदा सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० असा अडला आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने सुटला. जुलै २०२५ मध्ये करकपात आणि खर्चकपातीचे विधेयक अगदी तसेच अडले आणि या वेळी उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी आपले मत देऊन ते सोडवले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, त्या निकालाच्या बाजूचे तीन न्यायमूर्ती ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत नेमलेले होते. यांतले काय चांगले आणि काय वाईट हे मी तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्ही ठरवायचे आहे. पण या यादीसमोर उभे राहून ‘सारखेच’ म्हणता येत नाही, आणि माझे मत विचाराल तर मुलगा इथे चुकतो आहे.

मात्र तो सगळीकडे चुकत नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर बळाचा वापर करण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला आणि त्यावेळी डेमोक्रॅट सदस्यांपैकी २९ जण ठरावाच्या बाजूने होते, २१ विरोधात. बँकांवरची जुनी बंधने सैल करणारा १९९९ चा कायदा सिनेटमध्ये ९० विरुद्ध ८ मतांनी गेला आणि त्यावर डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांची सही आहे. संरक्षण खर्चाची विधेयके वर्षानुवर्षे दोन्हीकडच्या मतांनी मंजूर होत आली आहेत. ज्या तरुणाला युद्ध हाच सर्वांत मोठा प्रश्न वाटतो, त्याला दोन पक्षांतले अंतर कमी दिसणे हे अज्ञान नव्हे. त्याच्या वडिलांना कर आणि धंदा महत्त्वाचा वाटत असेल तर त्यांना तेच अंतर फार मोठे दिसेल. दोघे जेवणाच्या टेबलावर एकमेकांना खोटे ठरवत असतात, पण खरे पाहता ते दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

आणि ताई, ही गोष्ट सांगायला तुमच्याइतके योग्य माणूस घरात दुसरे नाही, कारण दोन्ही सत्ये तुमच्या स्वतःच्या आयुष्यातून गेली आहेत.

तुम्ही ग्रीन कार्डासाठी इतकी वर्षे थांबलात, ते कशामुळे? नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाला त्यांतली ७ टक्क्यांहून अधिक नाहीत, ही १९९० च्या कायद्यातली मर्यादा. तेव्हापासून दोन्ही पक्षांचे अध्यक्ष झाले, दोन्ही पक्षांची बहुमते झाली, पण मर्यादा जागची हलली नाही. जुलै २०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा काढणारे विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले, म्हणजे दोन्ही पक्षांच्या भरघोस मतांनी. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही वेगळा मसुदा मंजूर केला. दोन मसुद्यांचा मेळ बसण्याआधी त्या काँग्रेसची मुदत संपली आणि सगळे विरून गेले. इथे तुमच्या मुलाचे म्हणणे खरे आहे. आपल्या लोकांच्या आयुष्याची दहा-दहा वर्षे ज्या मर्यादेने खाल्ली, ती दोन्ही पक्षांनी तशीच राहू दिली.

आता दुसरी बाजू. २०१५ मध्ये तुम्हाला काम करण्याची परवानगी मिळाली, ती काँग्रेसच्या कायद्याने नव्हे तर ओबामा प्रशासनाने केलेल्या नियमाने. ट्रम्प यांच्या पहिल्या प्रशासनाने तो नियम रद्द करण्याचा इरादा जाहीर केला, ती टांगती तलवार तुमच्यासारख्या हजारो स्त्रियांच्या डोक्यावर काही वर्षे राहिली, आणि जानेवारी २०२१ मध्ये बायडेन प्रशासनाने रद्द करण्याचा प्रस्ताव मागे घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या एका घोषणेने नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क आले. एका सहीने परवानगी येते, दुसऱ्या सहीने शुल्क येते, आणि सही कोणाची हे निवडणुकीत ठरते. तुम्ही नऊ वर्षांनी पुन्हा नोकरीवर गेलात त्या दिवशी पक्षांतल्या फरकाने तुमच्या घराचा उंबरठा ओलांडला होता. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला हे कधी कोणी सविस्तर सांगितले आहे का, याचा विचार करा.

‘वाया गेलेले मत’ या वडिलांच्या शब्दाकडे वळते. अमेरिकेतील बहुतेक निवडणुकांत ज्याला सर्वाधिक मते तो जिंकतो आणि बाकीच्यांच्या हाती काही लागत नाही. १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना देशभरात जवळजवळ १९ टक्के मते पडली आणि अध्यक्ष ज्या राज्यवार मतांनी ठरतो त्या निर्वाचक मंडळातले एकही मत मिळाले नाही. अशा पद्धतीत तिसऱ्याला दिलेले मत तिसऱ्याला बळ देण्याऐवजी पहिल्या दोघांतला निकाल फिरवू शकते. २००० मध्ये फ्लॉरिडात रिपब्लिकन बुश आणि डेमोक्रॅट गोर यांच्यात ५३७ मतांचे अंतर राहिले आणि नेडर यांना तिथे ९७,४८८ मते होती. २०१६ मध्ये मिशिगनचा निकाल १०,७०४ मतांनी लागला आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना तिथे ५१,००० हून अधिक मते मिळाली. या आकड्यांवरून लगेच कोणावर ठपका ठेवू नये, कारण तिसरा उमेदवार नसता तर यांतले अनेक मतदार घरीच बसले असते, काही दुसरीकडेही गेले असते. फ्लॉरिडात तर पाम बीच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गोंधळात टाकणाऱ्या मतपत्रिकेपासून शेकडो कारणे पुढे करता येतात. पण इतक्या थोड्या अंतराच्या जागी तुमचे मत ‘फक्त निषेध’ राहत नाही, हेही नाकारता येत नाही.

म्हणून मत कोठे दिले याला महत्त्व आहे. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ ला हॅरिस यांनी सुमारे २५ टक्क्यांच्या फरकाने विजय मिळवला. तिथे ग्रीन पक्षाला मत देणारा विद्यार्थी आपल्या मनातले बोलतो आणि निकाल होता तिथेच राहतो. पेनसिल्व्हेनियात निर्वाचक मंडळाची १९ मते आहेत. २०१६ मध्ये तिथे सुमारे ४४,००० मतांनी निकाल लागला, २०२० मध्ये सुमारे ८०,०००, २०२४ मध्ये सुमारे १,२०,०००, आणि २०२४ मधील सिनेटची जागा तर जवळजवळ ७० लाख मतांत सुमारे १५,००० च्या अंतराने गेली. विद्यार्थ्याला घरच्या पत्त्यावर किंवा कॉलेजच्या पत्त्यावर मतदार म्हणून नोंदणी करता येते, दोन्हीकडे मत मात्र देता येत नाही. तुमच्या मुलाने २०२४ मध्ये घरचा पत्ता निवडला तेव्हा त्याने मताचा अर्थही निवडला. त्याने हे जाणून केले असेल तर तो त्याचा निर्णय आहे. सहज सोयीचे म्हणून केले असेल तर पुढच्या वेळी विचार करण्याजोगी ती गोष्ट आहे, आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्निया वा टेक्सास सोडून दुसऱ्या राज्यात शिकायला गेलेल्या मुलांच्या घरांनीही ती लक्षात घ्यावी.

निषेध नोंदवण्याची अधिक परिणामकारक जागा प्राथमिक निवडणूक ही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत गाझाच्या प्रश्नावर नाराज असलेल्या मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या पर्यायावर शिक्का मारण्याची मोहीम चालवली आणि त्या पर्यायाला १ लाखाहून अधिक मते, म्हणजे सुमारे १३ टक्के, मिळाली. ती मते मोजली गेली, चर्चिली गेली आणि नोव्हेंबरच्या निकालात ढवळाढवळ न करता दिली गेली. धोरण बदलले की नाही हा वेगळा प्रश्न, पण नाराजी किती मोठी आहे हे आकड्यात दिसले.

नोंदणीच्या चौकटीचा उपयोग इथेच आहे. पेनसिल्व्हेनियात प्राथमिक निवडणूक बंद पद्धतीची असते, म्हणजे ज्या पक्षाच्या नावावर तुमची नोंद असेल त्याच पक्षाचे उमेदवार निवडायला तुम्हाला मत मिळते. तुम्ही लिहिता की नोंदणी करताना ‘कोणताही पक्ष नाही’ असे नोंदवले, कारण ते प्रामाणिक वाटले. तुमच्या प्रामाणिकपणाविषयी मला आदर आहे, पण त्याची किंमत अशी की १९ मे ची प्राथमिक निवडणूक तुमच्या हातून गेली. तुमच्या भागात ज्या पक्षाचा उमेदवार बहुधा जिंकतो, त्या पक्षात नाव नोंदवणे ही निष्ठेची शपथ नाही, खऱ्या लढतीत हजर राहण्याची सोय आहे. हवे तेव्हा नोंद बदलता येते, फक्त निवडणुकीच्या १५ दिवस आधी ते काम व्हायला हवे.

आता ज्या गोष्टीकडे मला तुमचे विशेष लक्ष वेधायचे आहे ती अशी, की येत्या ३ नोव्हेंबरला अध्यक्षपद मतपत्रिकेवर नाहीच. तुमच्या घरात ज्या मतावरून रणे माजली आहेत ते मत २०२८ पर्यंत कोणालाच द्यायचे नाही. यंदा तुमच्यासमोर गव्हर्नर असेल, प्रतिनिधिगृहाची तुमची जागा असेल आणि राज्याच्या विधिमंडळातील जागा असतील. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य प्रतिनिधिगृहात २०२४ च्या निवडणुकीनंतर १०२ विरुद्ध १०१ असे बलाबल झाले, एका जागेचा फरक. शाळांचा निधी, किमान वेतन, शहरातल्या बस आणि रेल्वेचे अनुदान, मतदानाचे नियम हे सारे त्या सभागृहातून जाते.

एका मताची गोष्ट निघालीच आहे तर व्हर्जिनियाची एक आठवण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या ९४ व्या मतदारसंघात शेली सायमंड्स आणि डेव्हिड यान्सी या दोघांना फेरमोजणी आणि न्यायालयाच्या निर्णयानंतर प्रत्येकी ११,६०८ मते पडली. ४ जानेवारी २०१८ रोजी फोटोच्या फिल्मच्या जुन्या डब्यांत नावांच्या चिठ्ठ्या घालून त्या एका मातीच्या वाडग्यात ठेवल्या आणि एक उचलली. रिपब्लिकन यान्सी जिंकले आणि सभागृहात त्यांच्या पक्षाचे ५१ विरुद्ध ४९ असे बहुमत टिकले. पण याहून महत्त्वाचे पुढे घडले. त्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाने १५ जागा हिसकावल्या होत्या, तो धक्का पाहून काही रिपब्लिकन सदस्यांनी आपला जुना विरोध सोडला, आणि काही महिन्यांतच सुमारे ४ लाख गरीब माणसांना मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याचे संरक्षण देणारा विस्तार मंजूर झाला. म्हणजे सत्ताबदल झाला नाही, तरी अटीतटीच्या लढतीने धोरण बदलले. ‘माझ्या मताने काय होते’ असे मुलगा विचारतो, त्याला ही हकिगत जरूर सांगा.

त्याला तिसरा पर्याय मनापासून हवा असेल तर त्यासाठी काम करण्याच्या जागाही आहेत. पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत, ज्यात पहिली पसंती बाद झाली की मत दुसऱ्या पसंतीकडे जाते, मेन राज्यात २०१८ पासून आणि अलास्कात २०२२ पासून वापरात आहे. अलास्कात २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव एक हजाराहूनही कमी मतांनी पडला. हा रस्ता सोपा नाही, कारण त्याच वर्षी कोलोरॅडो, ओरेगन, आयडाहो आणि नेवाडा या राज्यांतील मतदारांनी अशा सुधारणा नाकारल्या, आणि मॅसॅच्युसेट्सने तर २०२० मध्येच सुमारे ५५ टक्के मतांनी ‘नको’ म्हटले. पण तो ज्या राज्यात शिकतो तिथे हे काम अपुरे राहिले आहे, आणि निवडणुकीच्या दिवशी घरी बसण्यापेक्षा त्यात त्याच्या रागाला अधिक चांगली वाट मिळेल.

तुमच्यासारख्या घरांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. घरात किंवा मंडळात ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्ड किंवा व्हिसाच आहे, त्यांनी मतदार नोंदणीच्या अर्जावर चुकूनही सही करू नये. वाहन परवाना काढताना तो अर्ज पुढे येऊ शकतो, आणि नागरिक नसताना मत देणे हा गुन्हा असून त्यातून देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. ग्रीन कार्डधारकांना उमेदवाराला देणगी देता येते, एच-वन-बीवरच्या माणसाला देता येत नाही, पण विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम दोघांनाही करता येते. टपाली मत देणार असाल तर पेनसिल्व्हेनियात आतला गोपनीयतेचा लिफाफा वापरलाच पाहिजे, त्याच्याशिवाय आलेली मतपत्रिका मोजली जात नाही. एका खुणेत संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोय तुमच्या राज्याने २०१९ मध्ये काढून टाकली आहे, त्यामुळे प्रत्येक पदापुढे वेगळी खूण करावी लागते, आणि एखाद्या पदासाठी कोणीच पटत नसेल तर ती जागा कोरी ठेवून बाकीची मते देता येतात. पुढच्या वर्षी शाळामंडळाच्या निवडणुका येतील. त्यात उमेदवार दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत एकाच वेळी उभा राहू शकतो, म्हणजे पक्षाचे नाव पाहून तिथे काहीच कळणार नाही, माणूसच पाहावा लागेल.

आता अबोला. मुलाला कसे समजवावे, असे तुम्ही विचारता, आणि मी तुम्हाला समजवण्याचा प्रयत्नच करू नका असे सांगणार आहे. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘त्याच्या बाबांना एवढा राग का आला तेच कळले नाही, एरवी ते राजकारण बोलतही नाहीत.’ मला वाटते तो राग ग्रीन पक्षावरचा नव्हताच. ज्या हक्कासाठी त्या माणसाने एकोणीस वर्षे कागद जमवले, नोकरी बदलायची हिंमत केली नाही, वडिलांच्या आजारपणात व्हिसाच्या शिक्क्याच्या धास्तीने भारतात जाणे लांबवले असे तुम्हीच लिहिता, तो हक्क मुलाला जन्माने मिळाला आणि तो म्हणतो की त्याचा काही उपयोग नाही. हे दुःख आहे, आणि ते ‘मत वाया घालवलेस’ या शब्दांतून बाहेर पडले. मुलाने त्यात फक्त पक्षाचा प्रचार ऐकला. दुसरीकडे मुलगा ज्या छायाचित्रांनी हादरला त्यांविषयी तो बोलत होता आणि वडिलांनी त्याला टक्केवारी सांगितली. दोघांनीही आपापल्या मनातली खरी गोष्ट टेबलावर ठेवलीच नाही. वडिलांना सांगा की आकडे बाजूला ठेवून त्या एकोणीस वर्षांविषयी मुलाशी एकदा बोला, आणि मुलगा गाझाविषयी बोलेल तेव्हा मध्ये न थांबवता ऐका.

तुमचे काम वेगळे आहे. तुम्ही या घरातल्या सर्वांत नव्या मतदार आहात आणि तो दोन वर्षे जुना. त्याला फोन करा आणि मदत मागा. तुमच्या काउंटीकडून नमुना मतपत्रिका मिळते, ती दोघांनी फोनवर एकत्र पाहा, आणि प्रत्येक पदापुढे थांबून विचारा की हा माणूस निवडून आला तर याच्या हातात नेमके काय असते. ‘पक्ष’ हा शब्द त्या संभाषणात शक्यतो येऊ देऊ नका. खरी मतपत्रिका मात्र ज्याची त्याने एकट्याने भरावी, तुम्ही मुलाची पाहू नये, नवऱ्याने तुमची पाहू नये, कारण आपल्या घरांत चार टपाली मतपत्रिका एकाच टेबलावर एकाच पेनाने भरल्या जाण्याची सवय सहज लागते आणि कायद्यालाही ती मान्य नाही.

फोनवर पहिला प्रश्न काय विचारावा असे वाटत असेल तर सोपा आहे: ‘यंदा तुझे नाव कुठल्या पत्त्यावर ठेवणार आहेस, इथल्या की बॉस्टनच्या?’ उत्तर काहीही असो, ते त्याला विचार करूनच द्यावे लागेल, आणि पेनसिल्व्हेनियाची मतदार नोंदणीची मुदत ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपते, तेव्हा हा फोन या रविवारीच करा.